सातव्या बाईचं खातंच उघडेना! मैत्रिणींना विकिपीडियावर कसं आणू?

महालातली मावशी
नमस्कार. मी नागपूरची, बँकेतून निवृत्त. वर्षभरापासून मराठी विकिपीडियावर थोडंथोडं लिहून राहिली. शनिवारी आमची नऊ जणींची भिशी असते. मागच्या वेळी म्हटलं, चला, सगळ्याच लिहू.

घरच्या वायफायवर सहा जणींची खाती उघडली, सातवीचं काही केल्या उघडेना. शेजारच्या वहिनींनी कमलाताई होस्पेटांवर लिहायला घेतलं. कमलाताईंनी १९२१ साली इथे मातृसेवा संघ सुरू केला, अन् वहिनींची दोन्ही बाळंतपणं तिथलीच. जुन्या स्मरणिकेतले तीन परिच्छेद त्यांनी एका बोटाने, दोन तास बसून, जसेच्या तसे टाईप केले. दुसऱ्या दिवशी सगळं गायब! आता म्हणतात, "मला नाही जमायचं बाई." काय करू?

धूळपाटीवाला
एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडतात, उपद्रव टाळायला. बाकीच्यांना घरूनच मोबाईल डेटावर उघडून यायला सांगा. मजकूर प्रताधिकारामुळे, म्हणजे कॉपीराइटमुळे, गेला असणार. पानाच्या 'इतिहास'मध्ये कारण दिसेल. माहिती स्मरणिकेतली चालते, संदर्भही तिचाच द्या, फक्त वाक्यं वहिनींची हवीत.

बर्डीकर
ज्ञानकोश सगळ्यांना खुला आहे. बायकांना वेगळं आवतण काऊन?

महालातली मावशी
भाऊ, दार उघडं आहे हो, पण आत शिरण्याआधी दाराशी चपला कोणाच्या आहेत ते बाई बघते. अन् रात्री अकराला तुम्ही निवांत लिहायला बसता, तेव्हा आमचं विरजण लावायचं राहिलेलं असतं. फरक लेखांतही पडतो न. डोना स्ट्रिकलंड या शास्त्रज्ञ बाईंवरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने मे २०१८ मध्ये परत पाठवला, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून. ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल!

कामठीची लेक
मावशी, पहिल्याच दिवशी अख्खा लेख नका देऊ. आमच्याकडे नवी बाई आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, मनसोक्त खोडते, मग जुन्या पानात एक वाक्य अन् एक संदर्भ घालते. बस्स. मी जाईबाई चौधरींपासून सुरुवात केली. स्टेशनवर ओझी वाहणाऱ्या या बाईने १९२२ मध्ये नागपुरात मुलींची शाळा काढली. टायपिंग नसेल जमत तर मोबाईलला बोलून सांगा, फक्त नंतर वाचून घ्या. आमच्या एका काकूंच्या 'वाचनालया'चं त्याने 'वाचन आलं' केलं होतं!

महालातली मावशी
वहिनींना आत्ताच फोन केला. आधी फुरंगटून होत्या. मग म्हणाल्या, "स्मरणिका तू धरून बस, मी न बघता सांगते, तू टाईप कर." मी म्हटलं, टाईप तुम्हीच करायचं. शनिवारी दोन वाजता, त्यांच्याकडे. सांबारवडी आहे.