एसी-प्युरिफायर सर्व्हिसच्या धंद्यासाठी ग्राहकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

दादर_सर्व्हिस
नमस्कार मंडळी. दादर ते माटुंगा भागात एसी आणि वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस देतो. साधारण 2,300 ग्राहक, त्यांतले 600 एएमसीवाले (वार्षिक देखभाल करार केलेले). पाच टेक्निशियन, ऑफिसात दोघं. नावं एक्सेलमध्ये, बिलं टॅलीत, तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर. एकच ग्राहक तीन-तीन नावांनी सापडतो आणि एएमसी कधी संपली ते कळत नाही. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि आधी काय तयारी करावी?

कोष्टक
सॉफ्टवेअरचं नाव नंतर. तुमच्या धंद्यात नोंद ग्राहकाची नाही, मशीनची असते. म्हणून चार तक्ते वेगळे हवेत: ग्राहक, पत्ता, मशीन, भेट. एका ग्राहकाचे दोन पत्ते, एका पत्त्यावर तीन एसी, एका एसीच्या दहा भेटी. मुंबईत तर हे फारच गरजेचं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की माणूस दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात जातो, एसी सोबत नेतो आणि मग नव्या विंगमध्ये परत येतो. पत्ता ग्राहकाच्याच ओळीत कोंबलेला असेल, तर प्रत्येक वेळी जुना पुसला जातो. सोसायटी ग्राहक असेल तर खातं सोसायटीच्या नावाचं ठेवा आणि सेक्रेटरी फक्त संपर्क म्हणून जोडा. कमिटी बदलली तरी इतिहास तिथेच राहतो.

साध्या विक्रीसाठी बनवलेल्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘मशीन’ हा तक्ता नसतो. डेमोला बसलात की पहिला प्रश्न हाच विचारा: एका ग्राहकाखाली तीन मशीन, प्रत्येकाचा सीरियल नंबर आणि वेगळी एएमसी कशी टाकायची? ‘शेरा रकान्यात लिहा’ असं उत्तर आलं तर उठा.

वडाळा_डेटा
कोष्टक यांच्याशी सहमत. भरण्याआधीच्या सफाईबद्दल लिहितो, कारण घोळ तिथेच होतो.

मोबाइल नंबर ही ओळख धरा, नाव नाही. ‘सावंत’ रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात आणि ‘साईकृपा’ नावाच्या इमारती तर गल्लोगल्ली आहेत. आधी मोकळ्या जागा आणि रेघा काढा, मग एक्सेलच्या राइट फंक्शनने शेवटचे 10 अंक घ्या, म्हणजे +91 आणि सुरुवातीचा शून्य दोन्ही गळतात. त्यावर काउंटइफ लावा, म्हणजे एकच नंबर किती वेळा आला ते कळतं. 1 पेक्षा जास्त आलेल्या ओळी डोळ्यांनी तपासा. आपोआप एकत्र करू नका, कारण नवरा-बायको एकच नंबर देतात आणि दुकानाचा नंबर घरालाही दिलेला असतो. पिनकोडचा रकाना वेगळा ठेवा: दादर पश्चिम 400028, पूर्व 400014. टेक्निशियनचे भाग त्यावरूनच वाटता येतात.

तारखांना जपा. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर 03/04 हा 3 एप्रिल न राहता 4 मार्च होतो. 13 तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात, त्या निदान दिसतात. 12 पर्यंतच्या गुपचूप उलटतात, आणि एएमसीची आठवण चुकीच्या महिन्यात जाते. आयातीआधी सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करून घ्या. मराठी नावं असतील तर फाइल एक्सेलमधल्या ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ याच प्रकारात सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हं उरतात. आधी फक्त 20 ग्राहक भरा, मुद्दाम किचकट असलेले.

माटुंगा_लेजर
आता नावं. झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती तीन जणांपर्यंत चालते. तुम्ही सात आहात, म्हणजे माणशी दर महिन्याला पैसे आणि वर 18 टक्के जीएसटी. ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं. त्यात सीरियल नंबर, मेंटेनन्स शेड्यूल आणि मेंटेनन्स व्हिजिट तयार मिळतात, म्हणून तुमच्या कामाला ते जास्त जवळचं वाटतं. पण सर्व्हर आणि बॅकअप सांभाळणारा माणूस हवा, नाहीतर होस्टिंगचं शुल्क धरा.

टॅली बंद करू नका. येणी टॅलीतच राहू देत, नव्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त लेजरचं (टॅलीतल्या ग्राहकाच्या खात्याचं) नाव जसंच्या तसं ठेवा. दोन्हीकडून बदल करायची सोय ठेवली की कोणता आकडा खरा यावर भांडणं होतात.

पैसे भरण्याआधी ट्रायलमध्येच सगळा डेटा बाहेर काढून बघा. ग्राहकांची यादी सगळेच देतात. भेटींचा इतिहास आणि फोटो येतात का ते पाहा. टेक्निशियनला एक्सपोर्टचा हक्क देऊ नका. बेसमेंटमध्ये नेटवर्क नसताना अ‍ॅप नोंद साठवतं का, हेही मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून तपासा.

दादर_सर्व्हिस
मनापासून आभार. एक शंका: पुढच्या सर्व्हिसची तारीख मागच्या भेटीपासून मोजायची की करारापासून?

कोष्टक
करारापासून. 1 जूनचा करार आणि दर तीन महिन्यांनी एक अशा चार भेटी धरा. मागच्या भेटीपासून मोजलं आणि प्रत्येक भेट 20 दिवस लांबली, तर चौथी थेट ऑगस्टमध्ये पडते, करार मेअखेर संपलेला. फिल्टर मात्र बसवल्याच्या तारखेपासून मोजा, त्यासाठी मशीनच्या तक्त्यात वेगळा रकाना ठेवा.