विषय: केबलच्या बिलात न मागितलेले दोन बॉक्स – ६० दिवस नक्की कुठून मोजायचे?

स्नेहा, एडिसन (न्यू जर्सी) — सोमवार, २ जून २०२५, रात्री ९:४७

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. बाबांच्या (सासऱ्यांच्या) केबलच्या बिलात मार्चपासून दोन जादा बॉक्स आणि सिनेमाच्या चॅनेलांचं पॅकेज लागलंय, एप्रिलमध्ये वर ७९.९९ डॉलरची बॉक्सिंगची मॅच. बाबा मराठी बातम्या बघतात, आई मालिका. टीव्ही एक, बॉक्स एक. नेहमीचं बिल १४२.१८. ९ मार्चचं आलं १९७.१८, ९ एप्रिलचं २७७.१७, ९ मेचं परत १९७.१८. ऑटोपे आहे, पैसे आपोआप कापले जातात, बिल कागदावर येत नाही, त्यामुळे कुणी उघडूनच पाहिलं नाही. मला काल कळलं.

आज कंपनीशी दीड तास फोनवर होते. म्हणाले, ऑर्डर फोनवरून आली, समोरच्याने चार आकडी पिन बरोबर सांगितला, म्हणजे ऑर्डर तुमचीच. बॉक्स कुठल्या पत्त्यावर पाठवले ते सांगायला तयार नाहीत. बिलाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की तक्रार ६० दिवसांत करा. ९ मार्चपासून ६० दिवस ८ मेलाच संपले. मार्चचे पैसे गेले का? आणि पुढचं बिल भरू की थांबवू? कुणाला अनुभव असेल तर आजच सांगा. बिल जोडलंय.

प्रकाश — सोमवार, २ जून, रात्री १०:१५

स्नेहा, ६० दिवस म्हणजे ६० दिवस. मार्च विसर. सरळ कार्ड बंद करून टाक, नवीन नंबर घे. कंपनीला पैसेच मिळाले नाहीत की आपोआप फोन करतील. आम्ही जिमच्या वेळी हेच केलं होतं.

मेधा — सोमवार, २ जून, रात्री १०:३२

स्नेहाने जोडलेलं बिल मी मंडळाच्या या मेल-यादीच्या संग्रहातून काढलं आहे. त्यावर खातं क्रमांक, पत्ता आणि फोन नंबर तिन्ही होतं. ज्यांच्याकडे मेल पोचली आहे त्यांनी कृपया ती फाइल पुसावी. ही यादी ६००च्या वर घरांत जाते. वर्गणीच्या पावत्यांच्या वेळीही मी हे सांगितलं होतं. बिलं, पावत्या, पासपोर्ट इथे जोडायचे नाहीत. आकडे मेलमध्ये टाइप करा.

प्रकाश — सोमवार, २ जून, रात्री १०:४०

मेधा, पावत्यांच्या वेळी माझी फाइल काढलीस तेव्हा निदान एक फोन करायला हवा होतास. त्यात नुसतं नाव आणि रक्कम होती. असो.

वसंतकाका — मंगळवार, ३ जून, सकाळी ६:२०

स्नेहा,

२२ वर्षं बँकेच्या क्रेडिट कार्ड तक्रार विभागात काढली आहेत, म्हणून नीट वाच. प्रकाशचं ऐकू नकोस. कार्ड बंद केल्याने देणं बंद होत नाही. कंपनी बिल पाठवतच राहील आणि दोन-तीन महिन्यांत वसुलीवाल्यांकडे देईल. मग ते बाबांच्या क्रेडिट अहवालावर चढेल.

आता ६० दिवस. इथे दोन वेगळी घड्याळं आहेत आणि सगळे त्यांची गल्लत करतात. केबल कंपनीच्या बिलावर लिहिलेले ६० दिवस हा तिचा स्वतःचा नियम. कार्डाचं घड्याळ त्याहून वेगळं, ते १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टचं. ते केबलच्या बिलापासून सुरू होत नाही, तुला कळलं त्या दिवसापासूनही नाही. ज्या कार्डाच्या स्टेटमेंटवर तो आकडा पहिल्यांदा आला, ते स्टेटमेंट बँकेने पाठवल्यापासून मोजायचं.

तर तीन गोष्टी कळव. ऑटोपे क्रेडिट कार्डावर आहे की डेबिटवर? पैसे कुठल्या तारखेला कापले जातात? कार्डाचं स्टेटमेंट कितीला बंद होतं?

स्नेहा — मंगळवार, ३ जून, सकाळी ७:०५

काका, क्रेडिट कार्ड. दर महिन्याच्या ३० तारखेला कापतात. स्टेटमेंट २८ला बंद होतं.

वसंतकाका — मंगळवार, ३ जून, सकाळी ७:३१

मग मार्च बुडालेला नाही. ३० मार्चला कापलेले पैसे २८ मार्चच्या स्टेटमेंटवर येऊच शकत नाहीत, ते २८ एप्रिलच्या स्टेटमेंटवर आले असणार. ऑनलाइन उघडून बघ. २८ एप्रिलपासून ६० दिवस म्हणजे २७ जून. तोवर पत्र बँकेला पोचलं पाहिजे, पोस्टात टाकलेलं चालत नाही. एप्रिलचे पैसे २८ मेच्या स्टेटमेंटवर, मेचे २८ जूनच्या. त्यांना तर भरपूर वेळ आहे.

फोनवर किंवा ॲपमध्ये तक्रार कर, हरकत नाही, पण कायद्याचं संरक्षण लेखी पत्राला आहे. स्टेटमेंटवर दोन पत्ते असतात. पैसे भरायचा एक, बिलाबद्दल विचारणा करायचा दुसरा. पत्र दुसऱ्या पत्त्यावर, सर्टिफाइड मेलने, पोच मागवून. पैसे भरायच्या पत्त्यावर गेलेली पत्रं नुसती पडून राहिलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात लोकांचे ६० दिवस गेले. ३० दिवसांत बँकेने पोच द्यावी लागते, आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल. तोपर्यंत वादातली रक्कम भरायची नाही, आणि तेवढ्यासाठी बँक बाबांना थकबाकीदार म्हणून नोंदवू शकत नाही. बाकीची रक्कम मात्र वेळेवर.

नितीन, बक्स काउंटी (पेनसिल्व्हेनिया) — मंगळवार, ३ जून, दुपारी १२:५०

काकांच्या सगळ्या म्हणण्याला दुजोरा. एक मुद्दा राहतोय. आम्ही बॉक्स परत केल्यावरही सात महिने त्याचं भाडं लागत होतं. तेव्हा कळलं की डिसेंबर २०२०पासून केंद्रीय कायदा लागू आहे, टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्ट. जे उपकरण कंपनीने ग्राहकाला दिलेलंच नाही किंवा ग्राहकाने परत केलंय, त्याचं भाडं लावता येत नाही. मी परतीची पावती दाखवली, पैसे परत आले.

स्नेहा, तू पिनवर वाद घालत बसू नकोस. त्यांना विचार, हे दोन बॉक्स बाबांना दिल्याचा पुरावा काय? सीरियल नंबर, पाठवल्याची तारीख, पोचल्याचा पत्ता. कंपनीने ऐकलं नाही तर एफसीसीकडे, म्हणजे टीव्ही-फोनवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे, ऑनलाइन तक्रार. फी नाही, आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फोनवरच्या माणसाकडून जे मिळत नाही ते तिथून मिळतं, कारण ती तक्रार कंपनीत वेगळ्याच टेबलावर जाते.

शिरीष — मंगळवार, ३ जून, दुपारी १:३८

विषय निघालाच आहे तर त्या ब्रॉडकास्ट टीव्ही फीचं (स्थानिक चॅनेलांच्या नावाने कंपनी वेगळी लावते ती) कुणी काही करेल का? दर वर्षी वाढते. माझ्या मते ती पण फसवणूकच. सही करताना ९० सांगतात, बिल येतं १२५. मंडळाने सगळ्यांच्या सह्या घेऊन निवेदन द्यावं. मी मसुदा लिहायला तयार आहे.

नितीन — मंगळवार, ३ जून, दुपारी २:१०

शिरीष, ती फसवणूक नाही, महाग दर आहे. कायद्यात दोन्ही वेगळं. डिसेंबर २०२४पासून मोठ्या कंपन्यांना जाहिरातीत आणि बिलात टीव्हीची एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी लागते, ती फी धरून. आपली फी आणि स्नेहाचे बॉक्स एकाच तक्रारीत घातले तर दोन्हींचं उत्तर येईल "दर नियमानुसार". वेगळा धागा काढा, मी सही करतो.

उज्ज्वला — मंगळवार, ३ जून, संध्याकाळी ६:४४

स्नेहा, वाचून वाईट वाटलं. ज्येष्ठ समितीने नोव्हेंबरच्या बैठकीत नेमकं हेच सांगितलं होतं. कंपनीचं नाव सांगून फोन येतो, पिन मागतात, पिन द्यायचा नाही. तेव्हा १४ जण आले होते. अशा गोष्टी आधी समितीकडे आल्या तर आम्ही पाठपुरावा करू शकतो. ६०० घरांत गेल्यावर ज्येष्ठांना संकोच वाटतो, आणि मग पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत. बाबांना तो पिन कुणी विचारला होता का, हे त्यांच्याशी शांतपणे बोल. रागावू नकोस.

स्नेहा — मंगळवार, ३ जून, रात्री ११:२५

उज्ज्वलाताई, तुमची मेल वाचूनच आज बाबांजवळ बसले. आधी "मला काही आठवत नाही" म्हणाले. मग उठून कपाटातून डायरी आणली. बाबा १९७०पासून रोजनिशी लिहितात, रोज चार ओळी, निळ्या शाईत. १८ फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय: "स. ११.२०. केबलवाल्याचा फोन. ६ महिने अर्धे बिल. २ गिफ्ट कार्ड, रु. नव्हे डॉ. ४००. पिन दिला. कार्डांवरचे आकडे सांगितले." त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या तारखेने एकच ओळ: "फोन बंद येतो. सौ.ला सांगितले नाही."

साडेतीन महिने त्यांनी हे एकट्याने मनात ठेवलं. दुकानाच्या पावतीला टाचणी लावून ती पण त्याच पानात होती. मला म्हणाले, "तुमचे पैसे मी बुडवले." मी रागावले नाही, ताई. आईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. आई एवढंच म्हणाल्या, "फेब्रुवारीत जेवण का कमी झालं होतं ते आत्ता कळलं."

काका, बाबांनी पिन स्वतः दिला, मग आमची बाजू पडते का? आणि दुसरी भीती. टीव्ही, इंटरनेट, फोन एकाच बिलात आहे. आईंच्या गळ्यातलं आणीबाणीचं बटण त्याच फोन लाइनवर चालतं. पैसे अडवले आणि त्यांनी लाइन तोडली तर?

वसंतकाका — बुधवार, ४ जून, सकाळी ६:०५

बाबांना माझा नमस्कार सांग. मी स्वतः संध्याकाळी फोन करतो. आमच्या विभागात डॉक्टर, वकील, आमचेच बँकवाले, सगळे यात सापडलेले होते.

बाजू पडत नाही. पिन भामट्याला दिला, ऑर्डर दिली नाही. माल घरी आला नाही. न स्वीकारलेल्या आणि न मिळालेल्या मालाचे पैसे ही कायद्याने बिलातली चूकच धरतात. पत्रात फोनची हकिकत लपवू नका, तारखेसह लिहा. डायरीच्या त्या पानाची आणि पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ घरी ठेवा. पत्र एक पानाचं. मागायची रक्कम नेमकी: तीन महिन्यांचे ५५ प्रमाणे १६५, अधिक ७९.९९, एकूण २४४.९९. गोल आकडा लिहू नकोस.

लाइन तोडण्याची भीती खरी आहे, म्हणून पूर्ण बिल अडवायचं नाही. ऑटोपे आजच बंद कर आणि १४२.१८ दर महिन्याला हाताने, देय तारखेच्या आत भर. कंपनीलाही लेखी कळव की निर्विवाद रक्कम भरत आहोत, वादातली एवढी आहे. घरात ज्येष्ठ माणसं, वैद्यकीय बटण, दोन्ही त्यात लिही. पिन बदल. बाबांचा क्रेडिट अहवाल तो ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे गोठव, म्हणजे त्यांच्या नावावर दुसरं कुणी खातं उघडू शकणार नाही, २०१८पासून त्याला पैसे लागत नाहीत.

गिफ्ट कार्डाचे ४०० वेगळे. ते बिलात नाहीत, म्हणून या पत्रात नकोत. कार्ड आणि पावती घेऊन कार्ड काढणाऱ्या कंपनीला फोन करा, आणि फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर नोंद करा. इतक्या उशिरा ते मिळणं कठीण आहे, खोटी आशा दाखवणार नाही.

प्रकाश — बुधवार, ४ जून, सकाळी ८:१२

स्नेहा, कार्ड बंद करायचं मी म्हणालो ते मागे घेतो. बटणाचं डोक्यात नव्हतं. बाबांना घेऊन पोस्टात जायला गाडी लागली तर मी शुक्रवारी मोकळा आहे.

नितीन — बुधवार, ४ जून, सकाळी ९:०३

न्यू जर्सीत केबलची तक्रार ट्रेंटनच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजकडे पण जाते, त्यांचं केबलचं वेगळं कार्यालय आहे. पेनसिल्व्हेनियात आम्हाला टाउनशिपकडे जावं लागतं. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव बिलावर कुठेतरी बारीक अक्षरात असतं, तेच बघ.

उज्ज्वला — बुधवार, ४ जून, सकाळी १०:३०

वसंतराव, तुमचं हे पत्र समितीच्या जुलैच्या बैठकीत वाचून दाखवायला हवं. परवानगी आहे ना? पण बैठक समितीच ठरवेल, यादीवर तारखा नकोत, मागच्या वेळी हॉलचा घोळ झाला होता.

स्नेहा — सोमवार, १६ जून, संध्याकाळी ७:५०

शुक्रवारी प्रकाशबरोबर जाऊन ६ तारखेला पत्र सर्टिफाइड मेलने टाकलं होतं. आज बँकेची सही असलेलं पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं, पोचल्याची तारीख १० जून. एफसीसीकडे तक्रार केल्यावर पाचव्या दिवशी कंपनीच्या दुसऱ्याच विभागातून फोन आला. बॉक्स दुसऱ्या राज्यातल्या पत्त्यावर गेल्याचं त्यांनी मान्य केलं, सीरियल नंबरही दिले. बॉक्स आणि पॅकेज खात्यावरून काढलं. मागच्या पैशांचं अजून "तपासात आहे". जूनचे १४२.१८ हाताने भरले.

बाबांनी आज डायरीत हिरव्या कार्डाचा नंबर उतरवून घेतला. वाचून दाखवताना दोनदा तपासला.

वसंतकाका — सोमवार, १६ जून, रात्री ८:१४

हिरव्या कार्डाची झेरॉक्स काढ, दोन्ही बाजूंची. मेच्या पैशांसाठी २८ जूनचं स्टेटमेंट आल्यावर दुसरं पत्र. पहिल्या पत्रात ते धरलं असलं तरी पाठव.