मदत हवी आहे : शहरात चालवायला लहान हायब्रिड गाडी घ्यावी का? (जरा घाई आहे)

उतावीळ
नमस्कार मंडळी. एक लहान हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) हॅचबॅक बघून ठेवली आहे. विकणारा थांबायला तयार नाही, आणखी दोघं मागे लागलेत म्हणतो. गाडी शहरातल्या शहरातच फिरणार. अ‍ॅव्हरेज झकास मिळतं असं सगळे सांगतात, पण घरी मात्र 'बॅटरी गेली की गाडी भंगारात' हेच पालुपद चालू आहे. घेऊ की नको, एवढंच सांगा. 'नेटवर शोधा' असं कृपया कोणी लिहू नका, शोधून शोधूनच डोकं फिरलंय.

टॉर्कराव
नवी की जुनी? कोणत्या सालची? किती चाललीये? रोजचं रनिंग किती? यातलं काही न सांगता 'घेऊ की नको' विचारताय. आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

इलेक्ट्रिकच
हायब्रिड म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. इंजिनाचं ऑइलही बदला आणि बॅटरीचा घोरही लावून घ्या. सरळ इलेक्ट्रिक घ्या. मी घेतली, विषय संपला.

जुनाजाणता
@इलेक्ट्रिकच, दर धाग्यावर तुमचा विषय संपतो आणि दुसऱ्याचा सुरूच होत नाही. घरी चार्जिंगची सोय आहे का, एवढं तरी विचारायचंत.

उतावीळ
चार्जिंगची सोय नाही, गाडी रस्त्यावरच उभी असते. गाडी जुनी आहे, सहा-सात वर्षांची असेल. मागे 'हायब्रिड' असं लिहिलंय. अजून काय सांगू?

मेकॅनिकचा_भाचा
ताई, मागे काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. माइल्ड हायब्रिडवरही तोच शब्द लिहितात. त्यात स्टार्टर आणि अल्टरनेटर मिळून एक छोटी मोटर असते. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन ती चटकन सुरू करते, गाडी उचलताना थोडा हात लावते, संपलं. एकटीच्या जोरावर ती गाडी हलवत नाही, त्यामुळे पेट्रोलही बेताचंच वाचतं. स्ट्राँग किंवा फुल हायब्रिड म्हणतात त्यात मोटर मोठी असते आणि कमी वेगाला इंजिन बंद ठेवून गाडी चालते.

ओळखायचं सोपं आहे. इंजिन गरम झालं की मोकळ्या जागेत ब्रेक हलकेच सोडा. इंजिनाचा आवाज नसताना गाडी पुढे सरकली तर स्ट्राँग. एसी लावून उभं राहून पण बघा. स्ट्राँगमध्ये कॉम्प्रेसर बहुधा विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर असेल तर हवा कोमट होईल, नाहीतर इंजिन पुन्हा सुरू होईल.

बी_गिअर
स्ट्राँग निघाली तर एक युक्ती सांगून ठेवतो. शहरात गिअर कायम 'बी' मोडवर ठेवून चालवा, बॅटरी दुप्पट वेगाने चार्ज होते.

टॉर्कराव
साफ चूक. वेग कमी करताना मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते. 'बी' लांब उतारासाठी असतो. त्यात इंजिन फिरवून रोध आणतात, म्हणजे जी ताकद बॅटरीत जायची त्यातली काही इंजिन फिरवण्यातच जाते. सपाट रस्त्यावर 'डी' (नेहमीचा ड्राइव्ह) ठेवा आणि ब्रेक लांबून, हळू दाबा. झटक्यात दाबलात तर मोटरला झेपेल त्यापलीकडचं काम ब्रेक पॅडवर पडतं आणि ती ऊर्जा उष्णता होऊन गेली.

बी_गिअर
मी इतकी वर्षं चालवतोय, मला फरक दिसतो.

टॉर्कराव
स्क्रीनवरचे चार्जिंगचे बाण दिसतात तुम्हाला. टाकी फुल करून, पुढच्या वेळी परत फुल करून हिशोब केलाय का कधी?

सावकाश
भांडा नंतर. मूळ प्रश्न राहिला बाजूला.

हायब्रिडला शहरात फायदा कशाने होतो ते आधी बघू. ११०० किलोची गाडी ताशी ५० च्या वेगाने जात असेल तर तिच्यात साधारण १०६ किलोज्यूल, म्हणजे २९ वॉट-तासांच्या आसपास गतिज ऊर्जा असते. साध्या गाडीत दर ब्रेकला ती सगळी जाते. हायब्रिडमध्ये तिचा काही भाग परत मिळतो, सगळी कधीच नाही. ताशी २० वरून थांबलात तर हाती लागण्यासारखी ऊर्जाच १७ किलोज्यूल, कारण हिशोब वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) चालतो. म्हणून अगदी मुंगीच्या पावलांच्या गर्दीत ब्रेकमधून फारसं मिळत नाही. तिथे खरी बचत उभ्या इंजिनाची. साधी गाडी उभ्याउभ्या एसी लावून तासाला अर्धा ते एक लिटर सहज पिते.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं असतं. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, इंधन नीट वापरलं जातं, पण सुरुवातीचा जोर कमी पडतो. ती उणीव मोटर भरून काढते.

पण थंड इंजिनाला हे सगळं लागू नाही. गाडी सुरू केल्यावर बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू होतं, कारण धुराड्यातला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापावा लागतो. तो तापेपर्यंत तुम्ही घरी पोचत असाल तर हायब्रिडचे पैसे वाया. म्हणून विचारतो, एका खेपेला किती अंतर?

उतावीळ
शाळा. अगदी जवळ आहे. सोडायचं, यायचं, दुपारी परत आणायचं.

जुनाजाणता
मग चालत जा की! गाडी कशाला?

सावकाश
एवढ्यासाठीच असेल तर साधी लहान पेट्रोल गाडी घ्या. वरचे पैसे वसूल होणार नाहीत.

उतावीळ
अहो पण शाळेनंतर तीच गाडी नवरा ऑफिसला नेणार. तिकडे तासभर गर्दीत जातो, येताना त्याहून जास्त.

टॉर्कराव
हे आत्ता सांगताय!!

सावकाश
मग उत्तर उलटं. तासभर थांबत-थांबत जाणं हेच हायब्रिडचं खरं काम. फक्त त्यांना सांगा, गर्दीत उभं असताना 'एन' (न्यूट्रल) वर टाकू नका. बऱ्याच स्ट्राँग हायब्रिडमध्ये 'एन' वर इंजिन बॅटरी चार्ज करू शकत नाही आणि एसी तिच्यातूनच खात राहतो. 'डी' मध्ये ब्रेक दाबून थांबा, नाहीतर 'पी' (पार्किंग).

खटारा_क्लब
अवांतर : दुसऱ्याची बंद पडलेली गाडी हायब्रिडच्या बॅटरीवरून जंपस्टार्ट करून देऊ नका. आतली १२ व्होल्टची बॅटरी छोटी असते, ती फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करते. जड स्टार्टर फिरवायला ती नाहीच.

उतावीळ
मी जंपस्टार्टचं विचारलंच नव्हतं, पण बरं झालं. आज चालवून बघितली. इंजिन बंद असताना सरकली, एसी पण गार होता. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, ती कुत्र्याच्या केसांनी गच्च भरली होती. बोटाने ओढला तर पांढऱ्या केसांचा गोळाच निघाला, खालची फिल्टरची पट्टी काळीकुट्ट. ब्रेक लावला की पहिल्या एक-दोन वेळा खर्रर्र आवाज आला, मग गेला. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा होता, 'सेन्सरचा आहे' म्हणाला. बाकी गाडी छान.

मेकॅनिकचा_भाचा
'बाकी छान' म्हणजे रंग छान. ब्रेकच्या आवाजाचं टेन्शन घेऊ नका. हायब्रिडमध्ये डिस्क कमी वापरल्या जातात, गाडी उभी राहिली की वर गंज धरतो. पण त्याचा अर्थ गाडी बरेच दिवस हललेली नाही, ती का ते विचारा.

जाळीचं मात्र गंभीर आहे. बॅटरीला गार ठेवणारा पंखा तिथूनच हवा ओढतो. जाळी तुंबली की पॅक तापतो, आणि बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही. एरवी ती दहा-बारा वर्षं सुखाने चालू शकते, कारण गाडी तिला कधी पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामी करत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांतच खेळवते. त्यात पिवळा दिवा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून स्कॅन केल्याशिवाय हात लावू नका.

खटारा_क्लब
बॅटरी गेलीच तर एखादं मोड्यूल (पॅकमधला एक तुकडा) बदलून काम भागतं. उगाच पूर्ण पॅक कशाला?

मेकॅनिकचा_भाचा
भागतं, काही महिने. जुन्यांच्या रांगेत एक ताजं बसवलं की त्यांचं जमत नाही, मग शेजारचं जातं. मामांकडे अशा गाड्या परत परत येतात. विकण्यापुरती गाडी चालू करायची तर हा इलाज उत्तम, त्यासाठीच तो जास्त होतो.

इलेक्ट्रिकच
म्हणून म्हणत होतो...

जुनाजाणता
नका म्हणू.

उतावीळ
विकणाऱ्याला सांगितलं की स्कॅन माझ्या माणसाकडून होईल, मगच टोकन. आधी कुरकुर केली, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव काढलं. मी म्हटलं त्याला द्या मग. आता उद्या या म्हणतोय. स्कॅनमध्ये नेमकं काय बघायला सांगू?

टॉर्कराव
आधी दिव्याचा कोड (स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा नंबर) लिहून घ्या. 'मिटवून देतो' म्हणाला तर नको म्हणा, मिटवलेला कोड परत यायला वेळ लागतो. मग बॅटरीच्या गटांचे व्होल्टेज. सगळे जवळपास सारखे हवेत, एखादा गट मागे पडत असेल तर तिथे दुखणं आहे. आणि हे आकडे गाडी उभी असताना नकोत. शेजारी कोणीतरी स्कॅनर धरून बसा, एसी फुल लावा, जोरात उचला, जोरात थांबवा, तेव्हाचे आकडे घ्या. उभ्या गाडीत मरायला टेकलेला पॅकही ठणठणीत दिसतो.