मदत हवी आहे: तीन फाशांच्या खेळात मंडळ बुडणार का?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ आनंदमेळ्याची असते. यंदा फाशांचा स्टॉल माझ्या गळ्यात पडलाय. फळ्यावर १ ते ६ अशी सहा घरं. खेळणाऱ्याने हव्या त्या घरावर १० रुपयांचं कूपन ठेवायचं, आम्ही डब्यात तीन फासे खुळखुळवून डबा उपडा करायचा. त्याचा आकडा एका फाशावर आला तर त्याचं कूपन परत आणि वर एक. दोन फाशांवर आला तर वर दोन, तिन्हींवर आला तर वर तीन. एकावरही नाही आला तर कूपन मंडळाचं. (कूपनांवर वडापाव, भेळ, सरबतच मिळतं, रोख नाही. जुगारावरचं व्याख्यान खजिनदारांकडून ऐकून झालंय, इथे नको.)

माझा हिशोब असा: एका फाशावर आपला आकडा येण्याची शक्यता १/६, तीन फाशांवर ३/६, म्हणजे निम्मी. निम्म्या वेळा १० रुपये जाणार, निम्म्या वेळा १० येणार, बरोबरी झाली. त्यात दोन-तीन फासे जुळले की आम्ही जास्तीची कूपनं वाटणार. म्हणजे मंडळ खड्ड्यात!

खात्री करायला काल मुलाबरोबर ल्युडोचे फासे घेऊन ६० डाव टाकले. ३० वेळा काहीच नाही, २५ वेळा एक फासा जुळला, ५ वेळा दोन. मुलगा ५० रुपयांनी पुढे. पण समितीतले एक काका छातीठोकपणे सांगतात, "हा खेळ लावणारा कधी बुडत नाही." कोण बरोबर? बारावीनंतर संभाव्यतेशी संबंध आलेला नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

काका बरोबर. तुमची चूक बेरजेत आहे. त्याच न्यायाने सहा फासे टाकले तर ६/६, म्हणजे आपला आकडा हमखास यायला हवा. ल्युडोत सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याचा अनुभव तुम्हाला नाही का?

उलटीकडून मोजा. तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी आपला आकडा एकदाही न येणारे प्रकार ५ × ५ × ५ = १२५. नेमका एकदा येणारे ३ × २५ = ७५, दोनदा ३ × ५ = १५, तिन्हींवर १. म्हणजे जिंकण्याची शक्यता ९१/२१६, जेमतेम ४२ टक्के.

आता अपेक्षित मूल्य, म्हणजे खूप डाव खेळल्यावर दर डावामागे पडणारी सरासरी. खेळणाऱ्याच्या बाजूने कूपनांत मांडू: ७५ × १ + १५ × २ + १ × ३ − १२५ = −१७. याला २१६ ने भागा. १० रुपयांच्या दर कूपनामागे सुमारे ७९ पैसे मंडळाकडे राहतात.

तुमचा ३/६ अगदीच वाया गेलेला नाही. दर डावाला सरासरी अर्धा फासा जुळतो, हे खरं आहे. पण 'सरासरी अर्धा फासा जुळतो' आणि 'निम्म्या डावांत जुळतो' या दोन वेगळ्या गोष्टी. एकाच डावात दोन फासे जुळले की दुसऱ्या कुठल्या तरी डावाच्या वाट्याचं जुळणं खर्ची पडतं.

प्रतिसाद २

सूत्र बाजूला ठेवून स्टॉलच्या बाजूने बघा. सहाही घरांवर एकेक कूपन आहे असं धरा.

तीन फाशांवर तीन वेगळे आकडे आले: तिघे हरले, तिघे जिंकले. इकडचे ३० रुपये तिकडे, मंडळाला शून्य. जोडी आली: चौघे हरले, ४० रुपये जमा. जोडीवाल्याला २०, दुसऱ्याला १०, मंडळाकडे १० उरले. तिन्ही सारखे: पाच जणांचे ५०, दिले ३०, उरले २०.

म्हणजे ज्या जोड्यांची तुम्हाला भीती वाटते, मंडळाची कमाई त्यांच्यावरच आहे! २१६ पैकी जोडीचे प्रकार ९०, तिन्ही सारख्यांचे ६. (९० × १० + ६ × २०) ÷ २१६ = ४.७२ रुपये दर डावाला. सहा जणांत वाटले की पुन्हा तेच ७९ पैसे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दुसरं उत्तर मुलालाही लगेच पटलं. पण मग आमच्या ६० डावांत मुलगा पुढे कसा गेला?

प्रतिसाद १

६० डाव फार थोडे. एकट्या खेळाडूचं तेवढ्या डावांत सरासरी नुकसान ४७ रुपये, पण त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ८६ रुपये. ५० रुपये वर जाण्यात नवल काही नाही.

प्रतिसाद ३

थोडं अवांतर. तुमच्यासारखी गल्लत सतराव्या शतकातले फ्रेंच लेखक शेवालिए द मेरे यांचीही झाली होती. एका फाशाच्या ४ फेकींत निदान एक सहा येण्यावर पैज लावली तर ती फायद्याची ठरते (५१.८ टक्के). मग दोन फाशांच्या २४ फेकींत निदान एकदा जोडसहा येण्यावरही ठरावी, कारण ६ शक्यतांना ४ फेकी, तशा ३६ शक्यतांना २४! प्रत्यक्षात ती शक्यता ४९.१ टक्केच. त्यांच्या अशा प्रश्नांवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांची पत्रापत्री झाली.

आणि खेळ तंतोतंत बरोबरीचा करायचा असेल तर १-२-३ ऐवजी १-३-५ द्या. ७५ + ४५ + ५ = १२५.

धागाकर्ता

१-३-५ खजिनदारांना दाखवलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. १-२-३ च ठेवतोय, पण फळ्यावर लिहून टाकतो: सहाही घरं भरल्याशिवाय डबा उपडा होणार नाही. म्हणजे कुठल्याच डावात मंडळाच्या खिशातून काही जाणार नाही, बरोबर ना? आणि एकाच पोराने दोन घरं धरली तर?

प्रतिसाद २

बरोबर. दोन काय, चार धरू दे. एका घरावर एकच कूपन, एवढं सांभाळा.