अनुभव धागा: वरचे छळत होते, तेव्हा तुमच्या देवाचं काय झालं?

रामेश्वर भटांमुळे तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. मग 13 दिवस ते देहूला अन्नपाण्यावाचून शिळेवर बसून राहिले, असं परंपरा सांगते. पुढे तेच भट त्यांचे शिष्य झाले. कीर्तनात इथं हमखास टाळी पडते. आपल्या वाट्याला आलेला रामेश्वर भट मात्र शिष्यबिष्य होत नाही, बढती घेऊन निघून जातो. साहेब, सासू, संस्थाचालक, विश्वस्त, कुणाच्याही हाताखाली जाच सोसताना तुमच्या भक्तीचं काय झालं? गप्प बसलात, भांडलात, की देवाशीच अबोला धरलात? घडलं तसं लिहा. नावं नकोत.

चाकण
मी माळकरी. आमचा सुपरवायझर पार्टीचं मटण आणायला मुद्दाम मलाच पाठवायचा, तेही एकादशी बघून. वर म्हणायचा, 'पांडुरंगाला विचारून ये.' मी आणायचो. पिशवी हँडलला अडकवली की मनात हरिपाठ सुरू, गेटपर्यंत निम्मा व्हायचा. वारीला रजा त्याने कधी दिली नाही. मग माउलींची पालखी पुण्याहून निघाली की रात्रपाळी उरकून तसाच दिवेघाटाला जायचो, सासवडपर्यंत चालायचो आणि एसटीने परत पाळीवर. आता तो नाही, रजाही मिळते, पण गुडघे गेले.

सांगली
देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. माहेरून आणलेला विठोबा माळ्यावर गेला. भाकरी थापताना नाम घ्यायचे, थापण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. सगळ्या म्हणतात, जनाबाई आठव. अहो, जनाबाईबरोबर दळायला देव तरी बसायचा!

नागपूर
माझं वेगळं आहे. विनाअनुदानित शाळेत आम्हाला बिनपगारी राबवणारे संस्थाचालक दर संकष्टीला स्टाफरूममध्ये आरती घ्यायचे. तेव्हापासून चारचौघांत आरतीला उभं राहवत नाही. घरी एकटा असलो की अथर्वशीर्ष म्हणतो.

अहिल्यानगर
मी नर्स. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते, येशूने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वचनांची. मेट्रन नेमकी तेव्हाच ड्यूटी लावायच्या. पाळकसाहेब म्हणाले, बायबलात पेत्र सांगतो, कठोर धन्याच्याही अधीन राहा. मी म्हटलं, पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली, तेही शास्त्रातच आहे. ते हसले आणि अर्जाचा मसुदा त्यांनीच करून दिला. अर्जाला उत्तर आलं नाही. दुपारच्या इंजेक्शनांची फेरी मारताना एकेका कॉटपाशी एकेक वचन आठवायचं, तीच माझी उपासना.

मंगळवेढा तालुका
आमचे आजोबा पंढरपूरला चोखोबांच्या समाधीपाशीच थांबायचे. पुढे जायची सोय नव्हती. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, त्यानंतर विठ्ठलाचं दार आम्हाला उघडलं. गावातल्या देवळाचं मात्र तसं झालं नाही. आत या, बसा, पंगतीला जेवा, पण सप्त्यात वीणा रात्रंदिवस पहाऱ्यापहाऱ्याने कुणी ना कुणी गळ्यात घेऊन उभं असतं, ती आमच्या हातात नाही. 'पहारे ठरलेत,' म्हणायचे. रात्री दोन ते चारचा पहारा, ज्याला गावात माणूस मिळत नाही, तोसुद्धा ठरलेला! वडील म्हणाले, भांडू नको, देवाला सगळं ठाऊक आहे. मी म्हटलं, देवाला ठाऊक आहे, ते बरंच आहे, आता विश्वस्तांनाही कळू दे. लेखी तक्रार केली. वर्षभर दुकानदार उधार देईनात. तरी रोज देवळात जायचो, मुद्दाम काकड्याला, सगळे हजर असताना. देव काय त्यांचा होता? पुढच्या सप्त्यात दोनचा पहारा मिळाला. वीणा गळ्यात आली तर तार उतरलेली. आधी ती लावून घेतली, मग उभा राहिलो.

सोलापूर
मंगळवेढेकर दादा, तक्रार कुठं केलीत? आमच्याकडेही हेच चाललंय.

मंगळवेढा तालुका
देवस्थानचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडे. अर्जावर एकट्याची सही नको, चारपाच जणांच्या घ्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.