मदत हवी आहे: धाप लागलेली असताना नेम कसा धरायचा?

१० मीटर एअर रायफल करतो. शांत असलो की ग्रुपिंग (शॉट एकमेकांजवळ लागणं) बरं येतं. पण हल्ली सरावात आधी पायऱ्या चढून-उतरून लगेच पाच शॉट मारायला लावतात आणि तिथे माझी पार वाट लागते. फोरसाइटच्या (नळीच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमधून दिसणारा लक्ष्याचा काळा गोल हृदयाच्या ठोक्यासरशी उडतो, तोही दर वेळी त्याच दिशेला. दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे एवढीशी उडीही महागात पडते.

श्वास अर्धा सोडून थांबतो, पण दम लागलेला असताना चार-पाच सेकंदांतच डोळ्यांसमोर धूसर होतं आणि मग घाईत ट्रिगर ओढला जातो. (जाडजूड जॅकेटमुळे ठोका कमी जाणवेल वाटलं होतं, कसलं काय!)

बायथलॉनवाले स्कीइंग करून धापा टाकत ५० मीटरवर नेम धरतात. पडून मारताना त्यांचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने ११५चं, हे मान्य. तरी जमतं कसं? दोन ठोक्यांच्या मधे ट्रिगर ओढणं खरंच शिकता येतं, की तो नाद सोडून पोझिशन आणि श्वासावरच मेहनत घ्यावी? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.