पेनड्राइव्हवर लिनक्स टाकलं, पण रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातंय

गोंधळी_पेंग्विन:
मंडळी, 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफसने (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) उबंटू लिनक्स टाकलं, बूट झकास होतं, वायफायपण लगेच लागलं. मग हौसेने देवनागरी कीबोर्ड लावला, बुकमार्क टाकले, व्हीएलसी घेतलं आणि मशीन बंद केली. परत चालू केली तर पाटी कोरी! मला तीच सिस्टिम दोन-तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर लावून वापरायचीय, आतल्या विंडोजला अजिबात धक्का न लावता. काय चुकतंय?

टर्मिनल_काका:
चुकलं काही नाही, लाइव्ह सिस्टिम, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी, अशीच वागते. मूळ सिस्टिम स्क्वॅशएफएस नावाच्या एका दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते, ती फक्त वाचता येते, तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि मशीन बंद झाली की गेले. रूफसमध्ये आयएसओ (उबंटूची डाउनलोड केलेली फाइल) निवडल्यावर पर्सिस्टंट पार्टिशनचा, म्हणजे बदल टिकवून ठेवायच्या जागेचा, स्लायडर दिसतो, तो शून्यावरच असतो, बहुतेक जण बघतच नाहीत. तो 20 जीबीपर्यंत ओढा आणि पुन्हा बनवा. पेनड्राइव्ह फॉरमॅट होणार, त्यातलं काही हवं असेल तर आधी काढून ठेवा.

ग्रबग्रस्त:
काका, कधीमधी वापरायला ठीक आहे हो, पण रोजच्या कामाला पर्सिस्टन्स नको. कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्या मूळ लाइव्ह फाइल्समधूनच उठतो, त्यामुळे अपडेट मारले तरी कर्नल जुना तो जुनाच, आणि नवीन पॅकेजेस जुन्यांच्या डोक्यावर बसून जागा खात राहतात. त्यापेक्षा सरळ फुल इन्स्टॉल करा. एक पेनड्राइव्ह इन्स्टॉलरचा आणि दुसरा ड्राइव्ह ज्यावर टाकायचं तो. आणि तो दुसरा जमलं तर यूएसबी केसमधला एसएसडी घ्या, कारण साध्या पेनड्राइव्हला बारीक बारीक फाइल्स लिहायला लागल्या की त्याचा जीव जातो, फायरफॉक्स उघडायला टाकून दात घासून यावं इतका.

पण खरा घोळ बूटलोडरचा, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सिस्टिम उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. मी इन्स्टॉल करताना यूएसबी ड्राइव्हच निवडला होता, तरी इन्स्टॉलरने बूटलोडर नेऊन ठेवला लॅपटॉपच्या आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइल्स ठेवायचा छोटा भाग). ड्राइव्ह काढला, लॅपटॉप चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब (लिनक्सचा बूटलोडर)! घाम फुटला. विंडोज जागेवरच होतं म्हणा, बूट मेनूमधून विंडोज बूट मॅनेजर निवडल्यावर आलं, पण तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावला तर बूटच होईना, कारण बूटलोडर त्याच्यावर नव्हताच.

गोंधळी_पेंग्विन:
बापरे. मग आतली डिस्क काढूनच ठेवायची का? माझ्या लॅपटॉपचं झाकण उघडायची माझी छाती नाही.

ग्रबग्रस्त:
काढता आली तर सगळ्यात बेस्ट, नाहीतर लाइव्हमध्ये जीपार्टेड (डिस्कचे भाग करायचं टूल) उघडून आतल्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी हे दोन फ्लॅग (खुणा) काढा, यूएसबी ड्राइव्हवर 500 एमबीचं फॅट32 ईएफआय पार्टिशन बनवा, इन्स्टॉल करा, आणि झालं की आतले फ्लॅग आठवणीने परत लावा. इन्स्टॉल झाल्यावर यूएसबीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ईएफआय, मग बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स64 नावाची फाइल आहे का बघा. अनोळखी मशीन यूएसबीवर हीच फाइल शोधते. नसेल तर ग्रब-इन्स्टॉल ही कमांड रिमूव्हेबल पर्याय लावून पुन्हा चालवा.

टर्मिनल_काका:
कर्नलबद्दलचं म्हणणं मान्य. दोन गोष्टी मी जोडतो. एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डचा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकू नका, एका मशीनवर छान चालेल आणि दुसऱ्यावर स्क्रीनच येणार नाही. आणि इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन घ्या, खिशातली वस्तू आहे, कधीतरी कुठेतरी राहणारच.

रॅमराव:
मशीन जुनी असेल तर पपी लिनक्सपण बघा. अख्खी सिस्टिम रॅममध्ये चढते, बंद करताना बदल सेव्ह फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे साध्या पेनड्राइव्हवरपण पळते. दिसायला जुनाट आहे, सवय होते.

गोंधळी_पेंग्विन:
एसएसडीवर फुल इन्स्टॉल केलं, फ्लॅगवाली युक्ती चालली, दोन मशीनवर बूट झालं! फक्त विंडोजमध्ये परत गेलो की घड्याळ काही तास चुकीचं दाखवतंय?

टर्मिनल_काका:
लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडने लोकल आरटीसी (त्या घड्याळात लोकल वेळ ठेवायचा पर्याय) चालू करा, जाईल.